बांगडी वाढवली

आमच्या घरात काही फुटत नाही. नारळ फुटत नाही, बांगडी फुटत नाही, रात्री दुकान बंद होत नाही. सगळं वाढतं. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, दुकानसुद्धा वाढवतात. तुम्ही म्हणाल, असं तर सगळेच बोलतात, त्यात तुमच्या घराचं काय कौतुक? बोलत असतील. पण रांगोळीलाही ‘पुसली’ न म्हणता ‘वाढवली’ म्हणणारी बाई सगळ्या जूचंद्रात एकच होती. ती माझी सासू, पुतळाबाई.

जूचंद्र आणि रांगोळी हे वसई पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीत गावात रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा नायगाव स्टेशनपासून रिक्षाला नंबर लावावे लागतात. माणसाचा चेहरा जमिनीवर असा उमटवतात की बघणारा चुकून नमस्कार करतो. माझ्या सासूला त्यातलं काही येत नव्हतं. उंबऱ्यापुढे चार टिपके आणि एक वेल, एवढीच तिची कला. पण तिची एक रीत होती. कालच्या रांगोळीवर ती झाडू फिरवायची नाही. हाताने कडेकडेने गोळा करून वाटीत घ्यायची, आणि आजच्या रांगोळीचा पहिला टिपका त्या वाटीतल्या चिमटीने ठेवायची. मी लग्न होऊन आले त्याच सकाळी तिने मला ते दाखवलं होतं. “पुसाची नसते गो,” ती म्हणाली होती, “वाढवाची असते.”

माझी मुलगी उन्नती पाच वर्षांची असताना आजीची हिरवी बांगडी हातात घालून अंगणभर पळाली. बांगडी कसली राहते त्या काडीच्या मनगटात? पडली, दोन तुकडे झाले. उन्नतीने भोकाड पसरायच्या आत आजीने तुकडे उचलले आणि सांगितलं, “फुटली नाय बाय, वाढवली.” त्यावर तर ती आणखीच रडायला लागली. मला काही कळेना. शेवटी हुंदके देत म्हणाली, आधीच मोठी होती, आता अजून कशाला वाढवली? तेव्हा सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. पुढे कितीतरी दिवस ही पोरगी घरात मोठी झालेली बांगडी शोधत होती. डब्यांच्या मागे, तांदळाच्या पिंपात, कुठे कुठे.

आता ती पोरगी पंचविशीची आहे. मुंबईत चित्रकला शिकली, लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. आणि गेल्या वर्षी पुण्याच्या एका प्रकाशनाने तिला विचारलं की एक अख्खं पुस्तक तुझं स्वतःचं कर, गोष्टही तुझी, चित्रंही तुझी. विषय मुलांनी मोठं होण्याचा, बदल आपलासा करण्याचा. तिने विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही. नाव ठरलं, ‘बांगडी वाढवली’. गोष्ट तिचीच: आजीची बांगडी वाढवली जाते आणि छोटी मुलगी ती मोठी झालेली बांगडी शोधत गावभर फिरते. नारळ वाढवला म्हणतात म्हणून देवळात जाऊन मोठा नारळ बघते, तर हातात खोबऱ्याचा तुकडा येतो. दुकान वाढवलं म्हणतात म्हणून मोठं दुकान बघायला पळते, तर तिथे शटर. आणि चित्रं कागदावर नाहीत, आपल्या गावची म्हणून रांगोळीत. एक चित्र काढायचं, वरून फोटो घ्यायचा, चित्र हाताने गोळा करायचं, आणि पुढच्या चित्राची सुरुवात त्या गोळा केलेल्या भुकटीने करायची. आजीची रीत. मला हे तिने सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते. तशीच हात भरलेले ठेवून बसून राहिले. माझ्या पोटी असं डोकं कुठून आलं, हा विचार करत.

जागा पाहिजे होती मोठी, गुळगुळीत आणि काळी. ती आमच्याकडे होती. आमचे शेठ, म्हणजे माझा नवरा, रेती-सिमेंटचे सप्लायर. नाव शत्रुघ्न, गाव लाडाने ‘शत्रू’ म्हणतं. कुणाशी वाकडं नसलेला असा शत्रू मी दुसरा पाहिला नाही. जुनं घर पाडून नवं बांधलं तेव्हा त्यांनी हॉलमध्ये काळा ग्रॅनाइट बसवला होता. एवढा हॉल कशाला, मी विचारलं होतं, तर म्हणाले, कार्याला पंगत बसंल. पंगत काही बसली नाही, पण एप्रिलमध्ये मुलीने तो हॉल मागितला आणि शेठनी स्वतः सोफा ओढून ओटीवर नेला.

महिनाभर आम्ही स्वयंपाकघरात जेवलो. एप्रिलचा उकाडा आणि हॉलमधले पंखे बंद, कारण वाऱ्याने रंग उडतो. घामाने माणसं भिजून निघायची. पण तक्रार करायची सोय नव्हती, कारण शेठ स्वतःच हॉलच्या दारात उभे असायचे. सिमेंटची ऑर्डर द्यायला आलेल्या माणसाला आधी पाय धुवायला लावायचे, मग आत नेऊन दाखवायचे. ही माझी मुलगी. पुस्तक करतेय. पुण्याहून बोलावणं आलंय. बिचाऱ्याला पन्नास गोणी पाहिजे असायच्या, त्याने मान डोलावण्याशिवाय काय करावं? मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर मीही ओटीवरून कान देऊन ऐकत असायचे. मुलीचं कौतुक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं, मग तो दुसरा आपला नवरा का असेना.

शेवटच्या आधीचं चित्र आजीचं होतं. पुतळाबाई हिरवा चुडा भरलेला हात पुढे करून बसल्या आहेत, आणि त्या हाताकडे छोटी बघते आहे. उन्नतीने ते काढायला बरेच दिवस घेतले. एक एक चिमूट सोडत, पालथी पडून, उशी छातीखाली घेऊन. कपाळावरचं गोंदण, डाव्या भुवईतला तो तुटका, केस नसलेला भाग, हसताना एका बाजूला जाणारा ओठ, सगळं. सासूबाई जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. मी दारात गेले आणि पदर डोक्यावर घेतला, नकळत.

शेठ साइटवरून आले. उंबऱ्यावर थांबले, आणि तिथेच बसले. “आय,” एवढंच म्हणाले. मग उठून आत जेवायला आले, पण ताटात हात घातला आणि परत बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी मला माझ्या मुलीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा तिच्या कुठल्याही निकालाला वाटला नव्हता. माणसाची आई त्याला जमिनीवर परत काढून द्यायची, ही काय लहान गोष्ट आहे?

गावातला प्रितेश लग्न-हळदीचे फोटो काढतो. तो शिडी घेऊन आला, वरून फोटो घेतले, उन्नतीला पसंत पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटी घेऊन हॉलकडे गेली, तर दाराला कुलूप.

शेठचं म्हणणं साधं होतं. हे चित्र वाढवायचं नाही. इथेच राहील. वरून काच बसवायची, नायगावच्या काचवाल्याला त्यांनी मापं घ्यायला बोलावलंसुद्धा होतं. आणि आपण बसायचं कुठे, मी विचारलं. ओटीवर. पाहुणे? ओटीवर. पावसाळ्यात? बघू. शेवटचं चित्र उन्नतीने समाजमंदिराच्या हॉलमध्ये काढावं, ते बोलून ठेवतो म्हणाले, आणि रंग पाहिजे तेवढे आणून देतो, पोती आणतो. उन्नती त्यांना समजावत राहिली की शेवटचं चित्र पोत्यातल्या रंगाचं नाही, ते आजीच्याच रंगातून व्हायचं आहे, नाहीतर पुस्तकाला अर्थ राहत नाही. ते म्हणाले, रंगासारखा रंग, लोकांना काय कळणार? हे मात्र त्यांनी बोलायला नको होतं. पोरीचा चेहरा उतरला.

मी भडकले. मुलीच्या कामाला कुणी कुलूप लावतं का? दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, भाकरी ताटात टाकायची आणि मागे फिरायचे. पण आईसाठी अडून बसलेल्या माणसाशी भांडायचं तरी किती? मी उन्नतीला म्हटलं, किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात असते, ते आंघोळीला गेले की घे आणि वाढवून मोकळी हो. ती नाही म्हणाली. “पप्पांची आई मी चोरून पुसली, असं नको. त्यांनी दिली पाहिजे.” अशी माझी मुलगी. मला राग आला तिचा, आणि अभिमानही वाटला, एकाच वेळी.

काचवाला आला, माप घेतलं, आणि म्हणाला एवढी मोठी काच एका तुकड्यात येणार नाही, आजीच्या नाकावरून जोड जाईल. शेठनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि दुसरा काचवाला शोधायला लागले. तेवढ्यात पाल आली.

कुलूप माणसांना असतं, पालीला नसतं. सकाळी शेठनी दार उघडलं तर आजीच्या कपाळावरून थेट हनुवटीपर्यंत शेपटीची रेघ. त्यांनी उन्नतीला हाक मारली. ती आली, चाळण घेतली, रेघ बुजवली, ओठ परत काढला. दोन दिवसांनी एक भुवई गेली. तीही काढली. मग उन्हाळ्याच्या वावटळीने खिडकीच्या फटीतून धूळ आली आणि पांढरे केस मळले. ते केले. आणि प्रत्येक वेळी शेठ शेजारी उभे राहून सांगत. आय एवढी गंभीर नव्हती, जरा हसरी कर. डोळे जरा मोठे होते. गाल एवढे बसके कुठे होते, ते शेवटच्या आजारातले. उन्नती ऐकायची आणि करायची. वाद घालायची नाही. पुण्याच्या प्रकाशनातल्या बाईंचा फोन यायचा की पावसाच्या आत सगळी चित्रं हातात आली नाहीत तर दिवाळीला पुस्तक येणार नाही, मग पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय ते आम्ही बिल्डरच्या धंद्यातले लोक बरोबर ओळखतो. उन्नती फोन ठेवायची आणि परत आजीची भुवई नीट करायला जायची. शेवटचं पान तसंच राहिलं होतं. मला रोज दिसत होतं, सासूबाई थोड्या थोड्या निघून चालल्या होत्या. मी ते बोलले असते तर सून म्हणून बोलते असं झालं असतं, म्हणून गप्प राहिले.

मग एका रविवारी विरारहून वसुंधराताई आल्या. शेठची थोरली बहीण, सासूबाईंची पहिली मुलगी. गुडघे गेलेत, येणं-जाणं कमी झालंय, पण भावाने फोनवर एवढंच सांगितलं होतं की ये, तुला काहीतरी दाखवायचं आहे. आयत्या वेळी चकित करायचं होतं त्यांना. पाय धुवायला पाणी दिलं, हात धरून हॉलच्या दारापर्यंत आणलं, कुलूप काढलं, दिवा लावला, आणि छाती काढून बाजूला उभे राहिले.

ताईंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. कौतुकाने मान हलवली.

“काम बेस हाय पोरीचं,” त्या म्हणाल्या. “पन ही कोन?”

ताई आमच्या तोंडांकडे बघायला लागल्या, आपलं काय चुकलं म्हणून. चष्मा पुसून त्यांनी परत बघितलं, आणि तरीही त्यांना आई दिसली नाही. शेठचा चेहरा मला बघवेना. मी इतके दिवस त्या माणसावर चिडलेली होते, पण त्या क्षणी वाटलं की जाऊन त्यांचा हात धरावा.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. प्रितेशने पाठवलेला पहिल्या दिवशीचा फोटो उघडला आणि ताईंच्या हातात दिला. ताईंनी तो बघितला मात्र, आणि मोबाइल छातीशी धरला. “ही आय,” म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. शेठ एकदा मोबाइलकडे बघत होते, एकदा जमिनीकडे. हसरी, मोठ्या डोळ्यांची, गुबगुबीत गालांची कोणीतरी बाई तिथे बसलेली होती. तिच्या भुवईतला तुटका भाग केव्हाच भरून गेला होता. त्यांनीच तो भरायला लावला होता.

त्यांनी उन्नतीकडे हात केला.

“वाटी दे,” ते म्हणाले. “कुठून धरू?”

“तोंडापासून, पप्पा,” उन्नती म्हणाली. “नाहीतर होणार नाही तुमच्याने.”

रेतीचे ट्रक खाली करवून घेणारा माणूस, पण तळहात असा हळू ठेवला की मला माझ्या सासूची सकाळ आठवली. कपाळ आधी घेतलं. मग गाल. “आय, वाढवतो गं,” असं हळूच म्हणाले, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. ऐकू आलंच. ताई पाटावर बसल्या आणि चुड्याच्या बाजूने त्यांनीही गोळा करायला घेतलं. एवढ्या मोठ्या चित्राला वाटी कुठली पुरते, मी आतून पीठ मळायची परात आणली. बहीण-भाऊ दोन बाजूंनी परातीकडे येत गेले, अगदी लहानपणी पानातलं वाटून घेत असतील तसे. हिरवा, कुंकवाचा लाल, हळदीचा, केसांचा पांढरा, सगळे मिसळले आणि सुकलेल्या बांधाच्या मातीसारखा एकच रंग झाला. आमच्या सगळ्यांच्या अंगाचा असतो, तसा.

उन्नतीने त्याच दुपारी ग्रॅनाइट कोरडा पुसून घेतला, परातीतली चिमूट घेतली आणि पहिला टिपका ठेवला. शेठनी खिडकीला आतून जाळी ठोकली, पालीसाठी. उशीर झाला होता खरा, पण पाऊस यायच्या आत ते चित्र पुण्याला पोचलं. त्यात काय आहे हे तिने आम्हाला बघू दिलं नाही, आता हॉलला कुलूप तिचं होतं. शेठनी किल्ली मागितली नाही, फटीतून डोकावले असतील तर मला माहीत नाही.

दिवाळीला पुस्तक आलं. प्रदर्शनात आमच्या उन्नतीसाठी वेगळं टेबल मांडलं होतं, पुस्तकांची रास, आणि शेजारी चादर घातलेल्या खुर्चीवर आमचे शेठ. नवा पांढरा शर्ट, खिशाला पेन, ज्याचा त्यांना काही उपयोग नाही. गर्दीच गर्दी. शाळेतली पोरं जमिनीवर बसून मोठ्याने वाचत होती आणि ‘दुकान वाढवलं’ आलं की हसून लोळत होती. आपल्या घरातलं एक वाक्य दुसऱ्यांच्या मुलांच्या तोंडात ऐकणं, हे सुख मला आधी माहीत नव्हतं.

शेवटचं पान असं आहे. एक मोठी झालेली मुलगी उंबऱ्यापुढे बसून रांगोळीचा पहिला टिपका ठेवते आहे. तिचा चेहरा, मान, हात, सगळं त्या एकाच मातकट रंगात. मनगटात मात्र एक हिरवी बांगडी, बरोबर बसलेली, ना सैल ना घट्ट. खाली दोन ओळी आहेत.

बांगडी तेवढीच आहे.
वाढले मी.

संध्याकाळी नव्या टॉवरमधल्या एक बाई आल्या, मुलीला घेऊन. दोघींनी पुस्तक बघितलं, आजीच्या पानावर बाई खूप वेळ थांबल्या. मग हळहळून शेठना म्हणाल्या की एवढा जिवंत चेहरा, आणि फोटो काढून पुसून टाकला, किती वाईट वाटलं असेल तुम्हाला. जपून ठेवायला पाहिजे होता कुठेतरी.

मी टेबलाच्या मागे सुट्टे पैसे लावत होते. हात थांबला माझा. शेठनी त्या बाईंच्या हातातलं पुस्तक हळूच घेतलं, पानं उलटली, शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं, आणि त्या मोठ्या मुलीच्या गालावर आपलं जाड बोट ठेवलं.

“पुसली नाय, बाई,” ते म्हणाले. “ही काय. वाढवली.”